विश्लेषण : हवामानासाठी टायरची हवा सोडणारे आंदोलक; मोठ्या गाड्यांवरून सुरू झालेला वाद नेमका काय?

सकाळी कामाला निघायच्या घाईत गाडीपाशी यावं आणि एक टायर जमिनीला टेकलेला दिसावा. पंक्चर झालं असेल म्हणून वाकून पाहावं, तर वायपरखाली अडकवलेला कागद हाती लागावा. त्या कागदाचा सूर साधारण असा : तुम्हाला राग येईल, पण मनावर घेऊ नका; आमचा विरोध तुम्हाला नाही, तुमच्या गाडीला आहे.

मार्च २०२२ पासून ब्रिटनमधल्या आणि पुढे युरोप-अमेरिकेतल्या अनेक एसयूव्ही मालकांनी हा अनुभव घेतला. 'टायर एक्स्टिंग्विशर्स' या नावाने चाललेल्या या मोहिमेमुळे दोन प्रश्न चर्चेत आले. एक, शहरांत एवढ्या मोठ्या गाड्या असाव्यात का? आणि दुसरा, त्या नसाव्यात असं वाटत असेल, तर दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा अधिकार कुणाला मिळतो का? बहुतेक वाद दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळ्याच ठिकाणी शोधलं जातंय, आणि त्याचा संबंध भारताशीही आहे.

कोण आहेत हे 'टायर एक्स्टिंग्विशर्स'?

आग विझवणाऱ्या 'फायर एक्स्टिंग्विशर'वरून हे नाव घेतलेलं आहे. या गटाला जाहीर नेता नाही, कार्यालय नाही, सदस्यांची यादी नाही. पत्रकाचा मजकूर आणि कृतीची पद्धत इंटरनेटवर ठेवायची आणि ज्याला पटेल त्याने आपापल्या शहरात ती अमलात आणायची, अशी ही रचना. रात्रीच्या अंधारात श्रीमंत वस्त्यांमधल्या एसयूव्ही शोधायच्या, टायर न फाडता फक्त हवा सोडायची आणि पत्रक ठेवून निघून जायचं. त्यासाठी डाळीचा एक दाणा पुरतो, असं सांगितलं गेल्यामुळे या मोहिमेची बातमी जगभर झाली.

लंडन, ब्रायटन, एडिनबरा, ब्रिस्टल अशा शहरांतून सुरुवात झाली. २०२२ च्या जूनपर्यंत हे लोण न्यूयॉर्कला पोहोचलं. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या रात्री आठ देशांत मिळून सुमारे ९०० एसयूव्हींची हवा सोडल्याचा दावा गटाने केला. जगातल्या शहरी भागांत अशी गाडी बाळगणं अशक्य करून सोडायचं, हे गटाने जाहीर केलेलं उद्दिष्ट.

गटाने स्वतःसाठी काही नियमही घातले होते. अपंग व्यक्तींच्या परवान्याचं चिन्ह असलेल्या गाड्या, कामधंद्याच्या गाड्या आणि मिनीबस वगळायच्या. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड एसयूव्हींना मात्र सूट नव्हती. धूर सोडत नसली तरी जड गाडी रस्त्यावरची जागा खाते आणि पायी चालणाऱ्याला तितकीच धोकादायक असते, असं त्यामागचं कारण दिलं गेलं.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. २००५ मध्ये पॅरिसमध्ये 'ले देगाँफ्ले' नावाच्या गटाने श्रीमंत भागांतल्या एसयूव्हींची हवा सोडली होती. २००७ मध्ये स्वीडनची राजधानी स्टॉकहोममध्ये अशीच मोहीम झाली. तिच्यात सहभागी असलेले आंद्रेआस माल्म पुढे हवामान चळवळीतले चर्चित लेखक झाले. २०२१ मधल्या 'हाऊ टू ब्लो अप अ पाइपलाइन' या पुस्तकात त्यांनी स्टॉकहोमच्या अनुभवाबद्दल लिहिलं आहे. माणसांना इजा न करता प्रदूषण करणाऱ्या वस्तूंना लक्ष्य करणं हवामान चळवळीने वर्ज्य मानू नये, अशी त्यांची मांडणी. या पुस्तकावर जितकी टीका झाली तितकीच चर्चाही झाली आणि त्यावरून एक काल्पनिक चित्रपटही निघाला.

रोख एसयूव्हीवरच का?

याचं उत्तर आकड्यांत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२४ मधल्या विश्लेषणानुसार २०२३ मध्ये जगभर विकल्या गेलेल्या दर १०० गाड्यांपैकी ४८ एसयूव्ही होत्या. रस्त्यांवर धावणाऱ्या एसयूव्हींची संख्या ३६ कोटींच्या पुढे गेली आणि त्यांनी वर्षभरात १ अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. जगातल्या सगळ्या एसयूव्ही मिळून एक देश मानला, तर तो सर्वाधिक उत्सर्जन करणारा पाचवा देश ठरेल, अशी तुलना संस्थेने केली. मध्यम आकाराच्या गाडीपेक्षा एसयूव्ही सरासरी २०० ते ३०० किलो जड असते आणि रस्त्यावर साधारण ०.३ चौरस मीटर जास्त जागा घेते.

जागेचा प्रश्नही छोटा नाही. 'ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट' या युरोपीय संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं, की युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या दर दोन वर्षांनी साधारण एक सेंटिमीटरने रुंद होत आहेत. गाड्या वाढल्या, रस्ते आणि पार्किंगचे पट्टे मात्र होते तेवढेच राहिले.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार, ज्या गाडीचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच आहे तिची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. ठेंगण्या गाडीचा मार पायांवर बसतो. उंच गाडीचा छातीवर किंवा डोक्यावर बसतो. पादचारी लहान मूल असेल, तर फरक आणखी वाढतो.

यात एक विचित्र चक्र आहे. रस्त्यावर मोठ्या गाड्या वाढल्या, की छोट्या गाडीतल्या माणसाला असुरक्षित वाटतं. मग तोही पुढची गाडी मोठी घेतो. आपल्यापुरता त्याचा निर्णय समजण्यासारखा असतो. सगळ्यांनी तोच घेतला, की रस्ता सगळ्यांसाठीच जास्त धोकादायक होतो.

आंदोलकांचं म्हणणं काय?

त्यांच्या मते सगळे सनदशीर मार्ग वापरून झाले. मोर्चे निघाले, निवेदनं दिली, परिषदा झाल्या. तरीही एसयूव्हींची विक्री वाढतच गेली. हवामान बदलाचा तडाखा ज्यांना आधी बसतो, त्यांच्याकडे गाडीच नसते. आणि ज्यांच्या गाड्या सर्वांत मोठ्या, त्यांना त्याची झळ सर्वांत कमी. हा हिशेब कुणीतरी दारात नेऊन ठेवला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. हवा पुन्हा भरता येते, टायर शाबूत राहतो, मालकाचे दोन तास जातात. हवामान बदलाने होणाऱ्या नुकसानीपुढे हा त्रास किरकोळ आहे, असं ते म्हणतात.

विरोधकांचे आक्षेप काय?

पहिला आक्षेप सरळ आहे : गाडीच्या आत कोण बसतं, हे रात्री अंधारात कळत नाही. ती गाडी आजारी आईला दवाखान्यात नेणाऱ्या मुलाची असू शकते, रात्रपाळीच्या नर्सची असू शकते, अपंगत्वाचं चिन्ह न लावलेल्या माणसाचीही असू शकते. 'मनावर घेऊ नका' असं लिहिलेला कागद त्या सकाळी त्यांच्या कामाचा नसतो. शिवाय मालकाच्या लक्षात न येता गाडी तशीच रस्त्यावर आली, तर अपघाताचा धोका आहेच.

दुसरा आक्षेप लोकशाहीचा. एसयूव्ही घेणं बेकायदा नाही. कायद्याने परवानगी दिलेली वस्तू वापरणाऱ्या नागरिकाला शिक्षा करण्याचा हक्क निनावी गटाला कुणी दिला? आज एसयूव्ही, उद्या आणखी काही, अशी भीतीही त्यात आहे. ही भीती अगदीच निराधार नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरातल्या एका शोरूममध्ये ६० हून अधिक गाड्यांच्या टायरना भोकं पाडली गेली आणि त्याची जबाबदारी याच नावाने घेण्यात आली. 'हवा परत भरता येते' हा बचाव तिथे लागू होत नव्हता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना टायरची हवा सोडण्याचं आंदोलन तसं अपरिचित नाही. कोल्हापूर, सांगली भागात ऊसदराच्या आंदोलनात साखर कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर-ट्रक अडवून त्यांची हवा सोडल्याच्या बातम्या गाळप हंगामाच्या तोंडावर येत असतात. त्या आंदोलनावरही टीका होते, गुन्हेही दाखल होतात. पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. ऊसदराच्या आंदोलनात संघटना उघड असते, मागणी ठरलेली असते आणि समोर वाटाघाटीला बसणारा पक्ष असतो. दर जाहीर झाला, तोडगा निघाला, की आंदोलन थांबतं. लंडनच्या गल्लीत ज्याची हवा सोडली, तो गाडीमालक कुणाशी बोलणार? आणि गाडी विकली तरी ती दुसरं कुणीतरी चालवणारच.

कायदा काय सांगतो?

'टायर फाडला नाही, म्हणजे नुकसान नाही' हा समज कायद्यापुढे टिकेलच असं नाही. इंग्लंडच्या कायद्यानुसार वस्तू तात्पुरती निरुपयोगी करणंही नुकसान ठरू शकतं. जर्मनीतल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने तर टायरची हवा सोडणं हे मालमत्तेचं नुकसान ठरू शकतं, असं १९५९ मध्येच म्हटलं होतं. भारतातही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये 'आगळीक' या गुन्ह्याची व्याख्या करताना वस्तूची उपयुक्तता कमी करण्याचा समावेश आहे.

दरम्यान, ब्रिटनमध्ये आंदोलनांबाबतचे कायदेही कडक झाले. २०२२ आणि २०२३ मध्ये पोलिसांचे अधिकार वाढवणारे दोन कायदे आले. रस्ते अडवणाऱ्या 'जस्ट स्टॉप ऑइल' या गटाच्या कार्यकर्त्यांना अनेक वर्षांच्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या आणि मार्च २०२५ मध्ये त्या गटाने अशी आंदोलनं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

अशा आंदोलनांनी लोकांचं मत बदलतं का?

संशोधनाचं उत्तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं समाधान देणारं आहे. मॅथ्यू फाइनबर्ग, रॉब विलर आणि क्लोई कोव्हाशेफ यांच्या २०२० मधल्या अभ्यासात असं दिसलं, की टोकाच्या कृतींमुळे आंदोलनाकडे लक्ष वेधलं जातं, पण त्याच आंदोलनाला असलेला सर्वसामान्यांचा पाठिंबा घटतो. लोकांना आंदोलक आपल्यासारखे वाटेनासे होतात.

दुसरीकडे, 'जस्ट स्टॉप ऑइल'ने नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग रोखल्यानंतर झालेल्या पाहणीत वेगळी गोष्ट समोर आली. २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, त्या आंदोलनाबद्दल ज्यांची माहिती वाढली, त्यांच्यात 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या मवाळ पर्यावरण संस्थेचा पाठिंबाही वाढला. म्हणजे जहाल गट स्वतः नावडता होतो, पण त्याच्या शेजारी उभा असलेला मवाळ गट लोकांना समंजस वाटू लागतो. जहाल आणि मवाळ ही जोडी भारतीय वाचकाला नवी नाही.

हे दोन्ही अभ्यास थेट टायरच्या हवेबद्दल नाहीत. तरी त्यांतून एक गोष्ट कळते. लक्ष वेधणं आणि पाठिंबा मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं साधलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

पॅरिसने काय केलं?

ज्या पॅरिसमध्ये २००५ मध्ये रात्री टायरची हवा सोडली गेली, त्याच शहरात ४ फेब्रुवारी २०२४ रोजी दिवसाउजेडी मतदान झालं. प्रश्न होता, बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग शुल्क तिप्पट करावं का? सुमारे ५४.५ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम लागू झाला.

पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड गाडी १.६ टनांपेक्षा जड असेल किंवा इलेक्ट्रिक गाडी २ टनांपेक्षा जड असेल, तर मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो आणि बाहेरच्या भागात १२ युरो. मध्यवर्ती भागात सहा तास गाडी लावली, तर २२५ युरो. हलक्या गाडीला त्याच जागेसाठी ७५. आपल्याच भागात गाडी लावणारे रहिवासी, टॅक्सीचालक, ठरावीक व्यावसायिक, आरोग्यसेवक आणि अपंग व्यक्ती यांना सूट देण्यात आली.

या निर्णयावरही टीका झाली. मतदान जेमतेम ५.७ टक्के झालं होतं. पश्चिमेकडच्या श्रीमंत भागांनी विरोधात कौल दिला. वाहनचालकांच्या संघटनेने हा मोजक्या लोकांनी सगळ्यांवर लादलेला निर्णय असल्याचं म्हटलं. पण एक फरक ठळक आहे : इथे नियम सर्वांना आधीपासून माहीत आहे, सवलत कुणाला हे लिहिलेलं आहे, आणि निर्णय आवडला नाही तर पुढच्या निवडणुकीत तो बदलण्याचा मार्ग खुला आहे. रात्रपाळीच्या नर्सचा प्रश्न कागदावर सोडवता येतो. अंधारात तो सुटत नाही.

पॅरिस एकटं नाही. फ्रान्समध्ये नवी जड गाडी घेताना वजनावर कर लागतो आणि २०२४ पासून त्याची मर्यादा १.८ टनांवरून १.६ टनांवर आणली गेली. नॉर्वेने २०२३ पासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही वजनावरचा कर लावला.

गाड्या मुळात मोठ्या का होत गेल्या?

'लोकांना आवडतात म्हणून' हे उत्तर अर्धंच आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात इंधन बचतीचे नियम आले, तेव्हा 'लाइट ट्रक' या वर्गाला साध्या कारपेक्षा सैल निकष मिळाले. हा वर्ग शेतकरी आणि कारागिरांच्या वाहनांसाठी होता. पुढे एसयूव्ही त्याच वर्गात मोजल्या गेल्या. निकष सैल आणि नफा जास्त, त्यामुळे कंपन्यांनी त्याच गाड्या बनवल्या आणि त्यांच्याच जाहिराती केल्या. युरोपीय संघाच्या उत्सर्जन नियमांतही जड गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना बराच काळ तुलनेने सैल उद्दिष्ट मिळत होतं.

म्हणजे शोरूममध्ये ग्राहक निवड करतो त्याच्या कितीतरी आधी ती निवड नियमांनी आणि करांनी आखून ठेवलेली असते. डाळीचा दाणा तिथवर पोहोचत नाही.

भारताचा संबंध कुठे येतो?

पहिला धागा उद्योगाचा. ब्रिटनमधल्या आलिशान एसयूव्हींचं ठळक नाव म्हणजे लँड रोव्हर, आणि जग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणी पुण्यात करण्याची घोषणा मे २०२४ मध्ये झाली. ब्रिटनमधल्या या वादाचं एक टोक असं थेट मुंबई-पुण्यापर्यंत येतं.

दुसरा धागा बाजाराचा. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली आणि त्यातली जवळपास २८ लाख, म्हणजे ६५ टक्के, युटिलिटी वाहनं होती. यात एक मेख आहे. भारतात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या अनेक गाड्याही एसयूव्ही म्हणूनच विकल्या जातात. त्यामुळे इथली प्रत्येक एसयूव्ही लंडनमधल्या एसयूव्हीएवढी नसते. तरी कल कुठे आहे ते स्पष्ट आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा धागा नियमांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेल्या जीएसटीत छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. दरातला फरक मोठा असला, तरी मोठ्या एसयूव्हीवर आधी जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत कर लागत होता. म्हणजे तिचाही कर कमीच झाला. भारताच्या इंधन कार्यक्षमतेच्या नियमांतही गाड्या जितक्या जड, तितकं कंपनीचं उद्दिष्ट सैल असतं. एप्रिल २०२७ पासूनच्या पुढच्या टप्प्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या गाड्यांना सवलत सुचवली गेली आणि त्यावरून कंपन्यांमध्येच जुंपली.

जागेचं म्हणाल, तर पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असं महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये सांगितलं होतं. ती जागा गाडीच्या आकारानुसार महाग असावी का, ही चर्चा मात्र अजून सुरूही झालेली नाही.

आणि ही चर्चा फक्त गाडीवाल्यांची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या जेमतेम ७.५ टक्के कुटुंबांकडे कार होती. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर ३२,८२५ पादचाऱ्यांचा मृत्यू झाला. बॉनेटची उंची किती असावी, हा प्रश्न ज्यांच्या जिवाचा आहे, त्यांतले बहुतेक जण कधी शोरूममध्ये जातही नाहीत.

मग हवा सोडून साधलं काय?

३६ कोटींहून अधिक एसयूव्हींपुढे एका रात्रीतल्या ९०० म्हणजे काहीच नाही. शिवाय हवा दुसऱ्या दिवशी परत भरली जाते. उत्सर्जन कमी करण्याचा मार्ग म्हणून पाहिलं, तर ही मोहीम फोल आहे. 'माझी गाडी, माझा प्रश्न' असं समजल्या जाणाऱ्या गोष्टीला सार्वजनिक प्रश्न करण्यात मात्र तिचा हातभार लागला. त्याची किंमत म्हणून चर्चा गाडीच्या आकारापेक्षा आंदोलकांच्या वागण्यावर जास्त अडकली आणि नियम करणारे, गाड्या बनवणारे बाजूलाच राहिले.

भारतात अशी मोहीम ऐकिवात नाही, आणि तिची गरज पडू नये हेच बरं. पण रस्त्यावर आवाज नाही, म्हणून निर्णय होत नाहीत असं नाही. कराचे टप्पे ठरत आहेत, कार्यक्षमतेचे मसुदे निघत आहेत आणि त्यावर हरकती नोंदवणाऱ्यांत कंपन्या पुढे आहेत. जे पायी चालतात, त्यांची बाजू तिथे कोण मांडणार, हा प्रश्न पॅरिसने मतपेटीत टाकला. मुंबई-पुण्यात तो अजून कुणी विचारलेला नाही.